ठराव आणि पावती
(जळगावच्या दोन प्रकरणांचा कागदोपत्री इतिहास)

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयात जळगाव घरकुल प्रकरणाचा निकाल लागला. न्यायाधीश सृष्टी नीलकंठ यांनी ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटी रुपये दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे, 'खान्देश बिल्डर्स'चे जगन्नाथ वाणी आणि राजा मयूर यांना सात-सात वर्षे आणि प्रत्येकी ४० कोटी दंड. उरलेल्यांत बहुतेक जण कधी ना कधी नगरसेवक राहिलेले होते. जळगावच्या नगरपालिकेची जवळजवळ एक पिढीच त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. खटला जळगावचा, पण चालला नव्वदेक किलोमीटरवरच्या धुळ्याला. एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा तो रस्ता आरोपी, साक्षीदार आणि वार्ताहर यांनी कित्येक वर्षे झिजवला. खटला जळगावात का नको, हे जळगावकरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे माणसांच्या नावांनी भरली होती. कोण पडला, कुणी पाडला, आता खान्देशात कुणाचे चालणार. जैन विरुद्ध खडसे हा सामना जिल्ह्याने तीस वर्षे पाहिलेला असल्यामुळे निकालही त्याच सामन्याचा शेवटचा डाव म्हणून वाचला गेला. मला तो वेगळ्या तऱ्हेने वाचावासा वाटतो. या प्रकरणाच्या मुळाशी एक कागद आहे, नगरपालिकेचा ठराव. त्याच सुमारास त्याच शहरात दुसरे एक प्रकरण न्यायालयांत चालू होते, भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेचे, ज्याला सगळा महाराष्ट्र 'बीएचआर' म्हणतो. त्याच्या मुळाशीही एक कागद आहे, ठेवीची पावती. हे दोन कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. दोन्हीकडे खासगी मंडळींनी व्यवहार केला, पण भांडवल त्यांचे नव्हते. एकीकडे ते नगरपालिकेने कर्ज काढून पुरवले, दुसरीकडे ठेवीदारांनी, आणि तेही त्यांना न विचारता. या लेखाला एवढेच दाखवायचे आहे, आणि ते दाखवायला माणसांपेक्षा पैशाची वाट जास्त उपयोगी पडते.

आधी ठराव.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले जळगाव हे हातात पैसा खेळणारे गाव होते. कापसाच्या जिनिंग, डाळ मिल, केळीच्या वॅगनी आणि सराफ बाजार. नगरपालिका या सगळ्याच्या केंद्रस्थानी होती आणि नगरपालिकेच्या केंद्रस्थानी सुरेश जैन. १९८० पासून २०१४ पर्यंत ते जळगावचे आमदार होते, मधल्या काळात पक्ष अनेक बदलले, मतदारसंघ बदलला नाही. राज्यातल्या अनेक महापालिकांना हेवा वाटावा अशी सतरा मजली इमारत नगरपालिका असतानाच या गावाने बांधली. व्यापारी संकुले झाली, रस्ते झाले. हे सगळे बहुतांशी कर्जातून झाले, आणि कर्ज देणारी मोठी संस्था होती केंद्र सरकारची 'हुडको'. जळगावला आजही 'पिंप्राळा हुडको' नावाची वस्ती आहे. वस्तीला सावकाराचे नाव पडल्याची उदाहरणे फार नसतील.

याच काळात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुलांची योजना आखली गेली. शहराच्या नऊ ठिकाणी ११,४२४ घरे, खर्च सुमारे ११० कोटी रुपये. हिशेब केला तर एका घराला लाखाच्या आतबाहेर खर्च येतो. कल्पना म्हणून योजनेत चुकीचे काही नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. लाखभर रुपयांत गरिबाला छप्पर, ते हप्त्याने फेडणार, नगरपालिका हुडकोला परत करणार. त्या काळात राज्यभर अशा योजनांची हवा होती. काम 'खान्देश बिल्डर्स' या खासगी संस्थेला मिळाले.

गोम आहे ती पुढच्या पायरीत. ठेकेदाराने पैसा उभा करायचा, काम करायचे, मोजमाप पुस्तकात नोंद झाली की बिल घ्यायचे, ही सरकारी बांधकामाची जुनी रीत. यंत्रसामग्री आणायला म्हणून काही रक्कम आगाऊ देतात, तिच्यावर व्याज लावतात आणि प्रत्येक बिलातून ती कापून घेतात. इथे ठेकेदाराला सुमारे २९ कोटी रुपये आगाऊ दिले गेले आणि तेही बिनव्याजी, असा तक्रारीचा गाभा होता. ११० कोटींच्या कामात २९ कोटी म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. ज्या जागांवर घरे बांधायची त्यांतल्या काही जागा पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या आणि त्यांना बिगरशेती परवानगी नव्हती, असेही तक्रारीत होते. जागा नाही, पण पैसा पोहोचला.

खान्देशात उचल हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. आखाजीला सालदार ठरतो, तो उचल घेतो आणि मग वर्षभर त्या उचलीने बांधला जातो. पावसाने दगा दिला तरी उचल फिटल्याशिवाय त्याला मळा सोडता येत नाही. जळगावच्या ठेकेदाराला मिळालेली उचल याच्या नेमकी उलट होती. तिने देणाऱ्यालाच बांधले. नगरपालिका ते पैसे हुडकोकडून व्याजाने आणत होती आणि पुढे बिनव्याजी देत होती. समजा व्याजाचा दर शेकडा १२ धरला, तर २९ कोटींवर वर्षाला साडेतीन कोटींच्या आसपास व्याज होते. ते कुणी भरायचे? ज्याच्या हातात पैसा होता त्याने नाही. ज्यांना घर मिळाले नाही त्यांनीही नाही. ते भरायचे घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्या गावाने.

म्हणजे प्रकरण उघडे करून पाहिले तर ते असे दिसते: खासगी बांधकाम संस्था हा उद्योग होता, पण त्याची गुंतवणूक सार्वजनिक होती, जोखीम सार्वजनिक होती आणि व्याजही सार्वजनिक. खासगी राहिला तो फक्त वापर. असा सौदा कुठल्याही गुंतवणूकदार गटाला स्वप्नातही मिळत नाही. गुंतवणूकदार निदान आपले थोडे पैसे घालतो.

हे सगळे ठरावाने झाले, हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. अंधारात, पेटीतून नोटा पळवून नाही. विषयपत्रिकेवर विषय आला, सूचक झाला, अनुमोदक झाला, विषय मंजूर झाला. छोट्या गावच्या पालिकेत सभागृहात हात वर करणे ही फारशी विचार करून करण्याची कृती नसते. फाईल प्रशासनाने तयार केलेली असते, गटनेत्याने आदल्या रात्री सांगितलेले असते, आणि विरोध करणाऱ्याच्या प्रभागातली गटार पुढच्या वर्षी होत नाही. धुळ्याच्या निकालाने या सवयीला तुरुंगवासाची किंमत लावली. ठरावाच्या बाजूने उभे राहिलेल्यांतल्या काहींना व्यवहाराचा फारसा लाभ झाला नसेलही. पण कायदा असे विचारत नाही की तुला किती मिळाले. तो विचारतो, दुसऱ्याला गैरलाभ व्हावा म्हणून तू पद वापरलेस का.

प्रकरण बाहेर कसे आले, हे थोडक्यात. अण्णा हजारे यांनी चार मंत्र्यांवर केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी २००३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. त्या चार मंत्र्यांत जैन होते. आयोगाचा अहवाल २००५ मध्ये आला आणि त्यात जैन यांच्यावर ठपका होता. (अहवालाने हजारे यांच्या संस्थेच्या कारभारावरही बोट ठेवले होते, ते बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे.) दरम्यान २००३ मध्येच जळगावची महानगरपालिका झाली होती. आयुक्त म्हणून आलेले प्रवीण गेडाम यांनी जुन्या फाईली तपासल्या आणि फेब्रुवारी २००६ मध्ये स्वतः पोलिसांत फिर्याद दिली. आयुक्तानेच आपल्या संस्थेच्या पूर्वीच्या कारभाऱ्यांविरुद्ध फिर्याद द्यावी, हे महाराष्ट्रात क्वचितच घडले आहे.

त्यानंतर सहा वर्षे फारसे काही झाले नाही. फिर्याद होती, आरोपींची नावे होती, कागद तर पालिकेच्याच कपाटात होते. मार्च २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली. तपास तेव्हा इशू सिंधू या तरुण पोलीस अधिकाऱ्याकडे होता. जैन साडेचार वर्षे कोठडीत राहिले, २०१४ ची विधानसभा निवडणूक त्यांनी तिथूनच लढवली आणि पहिल्यांदा हरले. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. २०१९ च्या शिक्षेविरुद्ध अपिले झाली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून जामीनही मिळाले. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

या तेरा वर्षांत हुडकोचे व्याज मात्र थांबले नाही. थकबाकीचे प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले, महापालिकेची बँक खाती गोठली, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले. जळगावचे रस्ते या काळात कसे होते हे ज्याने तिथे दुचाकी चालवली आहे त्याला माहीत आहे. शेवटी राज्य सरकार मध्ये पडून एकरकमी तडजोड झाली, तीही त्याच २०१९ साली. घरकुल प्रकरणात कोणाला किती शिक्षा झाली हे लोकांना पाठ आहे. कर्ज कुणी फेडले हे कुणाला सांगता येत नाही, कारण ते सगळ्यांनी थोडे थोडे फेडले.

आता पावती.

खान्देशाला पतसंस्थांचे वेड लागले ते साधारण १९८० नंतर. त्याला कारणेही होती. राष्ट्रीयीकृत बँकेत केळीवाल्याला, छोट्या दुकानदाराला कर्ज मिळत नव्हते. पतसंस्थेत चेअरमन ओळखीचा, मॅनेजर गावातला, कर्ज दोन दिवसांत. ठेवीला व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त. भुसावळचा रेल्वे पेन्शनर, वरणगावच्या आयुध निर्माणीतला निवृत्त कामगार, जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा वाहक, नवऱ्याच्या फंडाचे पैसे आलेली विधवा असा सगळा ठेवीदारवर्ग जवळच्या पतसंस्थेकडे वळला. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे त्यातल्या फारच थोड्यांना माहीत होते. ठेव विम्याचे संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. आधी ती मर्यादा एक लाख होती, २०२० मध्ये पाच लाख झाली. पतसंस्थेच्या ठेवीला असा विमा नाही. रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. २००७-०८ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यात एकामागून एक पतसंस्था बंद पडू लागल्या, तेव्हा हे फरक लोकांना कळले.

बीएचआर मात्र त्या पडझडीतून वाचली. इतकेच नाही, वाढली. कारण ती 'मल्टिस्टेट' होती. राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखालची पतसंस्था जिल्हा उपनिबंधकाच्या हाताखाली असते. तो उपनिबंधक कसाही असला तरी त्याच्या कचेरीत जाऊन बसता येते. बहुराज्य संस्था मात्र केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक दिल्लीत असतो. सावद्याच्या ठेवीदाराची तक्रार दिल्लीला पाठवायची. त्या काळी हा विभाग कृषी मंत्रालयात होता, सहकाराचे वेगळे मंत्रालय झाले ते २०२१ मध्ये. देखरेख दूर गेली, तशी शाखांची संख्या वाढली. सात राज्यांत अडीचशेच्या वर शाखा झाल्या. ठेवीदारांना ते मोठेपणाचे चिन्ह वाटले. दिल्लीत नोंदणी म्हणजे जास्त पक्के काम, असाही समज होता.

२०१४ मध्ये मुदत संपलेल्या ठेवी परत मिळेनात. फेब्रुवारी २०१५ मध्ये संस्थापक प्रमोद रायसोनी आणि संचालकांना अटक झाली. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा लागला. वृत्तपत्रांनी त्याला अकराशे कोटींचा घोटाळा असे नाव दिले. विनातारण कर्जे, नातेवाइकांना कर्जे, कमी तारणावर जादा कर्जे, हे आरोप आपल्याकडच्या प्रत्येक बुडालेल्या पतसंस्थेवर असतात तसेच होते. त्यात नवे काही नाही आणि मी त्यावर थांबणार नाही.

नवे आहे ते त्यानंतरचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय निबंधकाने जितेंद्र कंडारे यांना अवसायक नेमले. अवसायक म्हणजे संस्था गुंडाळणारा. कर्जदारांकडून वसुली करायची, मालमत्ता लिलावात विकायची, जे जमेल ते ठेवीदारांना प्रमाणात वाटायचे, एवढे त्याचे काम. ठेवीदारांच्या दृष्टीने तोच आता संस्था होता. आणि याच टप्प्यावर पावतीचा बाजार सुरू झाला, असा पुढच्या फिर्यादींचा आरोप आहे.

जिल्ह्यात त्याला 'मॅचिंग' म्हणत. कल्पना सोपी आहे. एका माणसाची संस्थेत ठेव आहे, दुसऱ्याकडे संस्थेचे कर्ज आहे. कर्जदाराने ठेवीदाराची पावती घ्यायची, संस्थेला द्यायची आणि तेवढे कर्ज फिटले म्हणून लिहून घ्यायचे. ही पद्धत बीएचआरने शोधलेली नाही, आधीच्या बुडालेल्या पतसंस्थांतही ती चालली होती. तिच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे. तारण विकून वसुली करायला दहा वर्षे लागतात, तोवर सत्तरीच्या ठेवीदाराचे काय? मॅचिंगने त्याला निदान काही रोख लगेच मिळते. हा युक्तिवाद मी खोटा म्हणणार नाही. ज्यांच्या घरात ऑपरेशन होते, मुलीचे लग्न होते, त्यांनी पावत्या विकल्या त्या याच कारणाने.

पण भाव पाहा. रुपयाला तीस-चाळीस पैसे, असा आरोपातला भाव आहे. आता एक काल्पनिक हिशेब मांडू. एका व्यापाऱ्याकडे संस्थेचे एक कोटीचे कर्ज आहे आणि त्याचे तारण भक्कम आहे. त्याने ठेवीदारांकडून एक कोटीच्या पावत्या तीस लाखांत घेतल्या आणि संस्थेत भरल्या. संस्थेच्या पुस्तकात येणे एक कोटीने कमी झाले, देणे एक कोटीने कमी झाले. ताळेबंद जुळला. त्या जुळण्यालाच मॅचिंग म्हणायचे. व्यापाऱ्याचे सत्तर लाख वाचले आणि तारण मोकळे झाले. ठेवीदारांचे सत्तर लाख गेले. इथवर सगळ्यांना दिसते. जे चटकन दिसत नाही ते पुढे आहे. समजा संस्थेची सगळी येणी नीट वसूल झाली असती तर प्रत्येक ठेवीदाराला रुपयाला साठ पैसे मिळाले असते. या व्यापाऱ्याने भरलेल्या कोटीतून तेवढाच हिस्सा, म्हणजे साठ लाख, या पावत्यांचा होता. उरलेले चाळीस लाख इतर ठेवीदारांच्या वाट्याचे होते. मॅचिंगमध्ये तेही गेले. म्हणजे ज्यांनी पावत्या विकल्या नाहीत, ज्यांनी धीर धरला, त्यांचाही वाटा कमी झाला, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. वसूल होण्यासारखी चांगली कर्जे अशी आधी मिटत गेली तर मागे उरतात ती बुडीतच.

तोट्यात गेलेले कर्जरोखे स्वस्तात घेऊन पूर्ण किंमत वसूल करणे, हा जगातल्या खासगी गुंतवणूक गटांचा राजमान्य धंदा आहे. अर्जेंटिनाने २००१ च्या अखेरीस परतफेड थांबवली, तेव्हा तिचे रोखे काही अमेरिकी फंडांनी मातीमोल भावाने घेतले. ते पंधरा वर्षे न्यायालयांत लढले, २०१२ मध्ये तर एका फंडाने अर्जेंटिनाच्या नौदलाचे शिडाचे जहाज घानाच्या बंदरात अडकवून ठेवले. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि फंडांना घातलेल्या पैशांच्या कित्येक पट मिळाले. त्यांना गिधाड फंड म्हणतात. शिवी आहे, पण बेकायदा म्हणून कुणी तुरुंगात गेले नाही. आपल्याकडेही २००२ च्या कायद्याने बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्यांना वाट दिली आहे. मग जळगावच्या पावतीच्या खरेदीत निराळे काय?

दोन गोष्टी निराळ्या आहेत. गिधाड फंड हा तिऱ्हाईत असतो. इथे पावती घेणारा तोच होता ज्याने ते पैसे घेतले होते आणि फेडले नव्हते. नादारी कायद्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये एक कलम घालण्यात आले, २९ अ. कंपनी बुडवणाऱ्या प्रवर्तकाने तीच कंपनी लिलावात स्वस्तात परत घेऊ नये, म्हणून. मोठ्या उद्योगपतींसाठी दिल्लीत हे दार बंद होत होते, त्याच वर्षांत जळगावच्या पतसंस्थेत त्या दाराची दुसरी झडप उघडी होती. सहकारी संस्थेच्या कर्जदाराला ते कलम लागू होत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. बाजारात भाव माहितीवर ठरतो. संस्थेकडे वसूल होण्यासारखे किती आहे, हे अवसायकाला माहीत होते, ठेवीदाराला नाही. आरोप असा आहे की पावतीचा भाव पाडणारी भीती आणि पावती गोळा करणारे हात यांची साखळी अवसायकाच्या कचेरीपर्यंत जात होती, आणि संस्थेच्या मालमत्तांचे लिलावही मर्जीतल्यांना कमी किमतीत मिळतील असे झाले. आरोप म्हणूनच हे लिहितो आहे. घरकुलासारखा न्यायालयाचा निकाल इथे माझ्या हाताशी नाही. पण तो खरा असो वा नसो, ज्याच्या हातात वसुलीचा अधिकार आणि माहिती दोन्ही आहेत त्याच्याच देखरेखीखाली पावत्यांची जुळणी होऊ देणे, ही रचनाच चुकीची होती.

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. फिर्याद पुण्याच्या एका ठेवीदाराची होती. कंडारे काही महिने सापडले नाहीत, जून २०२१ मध्ये त्यांना इंदूरमध्ये अटक झाली. त्याच महिन्यात जळगाव, धुळे आणि इतर ठिकाणच्या काही व्यापाऱ्यांना पकडण्यात आले. ते बीएचआरचे कर्जदार होते.

पुन्हा सामना सुरू झाला. एकनाथ खडसे ऑक्टोबर २०२० मध्ये भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले होते, महिन्याभराने छापे पडले. आरोपांचा रोख गिरीश महाजन यांच्या भोवतालच्या मंडळींकडे होता, महाजन यांनी आपला संबंध नाकारला. खडसे यांनी आपण हे प्रकरण कधीपासूनच लावून धरले होते असे सांगितले. स्वतः खडसे यांना भोसरीच्या भूखंड प्रकरणात २०१६ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले होते, याची आठवण विरोधकांनी करून दिली. मार्च २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ध्वनिचित्रफितींचा पेनड्राइव्ह सादर केला. त्या फिती विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण यांच्या कार्यालयातल्या असल्याचे त्यांनी सांगितले, आणि विरोधी नेत्यांना अडकवण्याचा कट तिथे शिजत असल्याचा आरोप केला. चव्हाण यांनी त्या फितींत फेरफार झाल्याचे म्हटले, पण पुढे ते या खटल्यांतून दूर झाले. हेच चव्हाण घरकुल खटल्यात धुळ्याला सरकारतर्फे उभे होते. खान्देशात कुठलेही प्रकरण फार दिवस एकटे राहत नाही.

या सगळ्या गदारोळात पावतीवाला कुठे होता, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाते. त्याच्याविषयी बातम्या येत, पण त्यात तो नेहमी अनेकवचनी असे: ठेवीदार हवालदिल, ठेवीदारांचा मोर्चा, ठेवीदारांना दिलासा. बहुराज्य संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली, तक्रारींसाठी सहकार लोकपाल आला. ते पुढच्यांसाठी.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक वेगळीच अडचण दिसते. धुळ्यालाच वि. का. राजवाडे यांचे दफ्तर आहे. १९२६ च्या डिसेंबरअखेर ते धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंदिर उभे राहिले. कागद शोधावा, कागद जपावा, कागदाला बोलू द्यावे, ही शिस्त मराठी माणसाने त्यांच्याकडून घेतली. घरकुल प्रकरणात ती शिस्त कामी आली. ठराव होता, त्यावर तारीख होती, सूचक-अनुमोदकांची नावे होती, रक्कम लिहिलेली होती. तेरा वर्षांनीही तो कागद जसाच्या तसा न्यायालयापुढे उभा राहिला.

पावतीचे तसे नाही. मॅचिंगमध्ये ती संस्थेत जमा होते आणि रद्द होते. पुस्तकात नोंद होते ती दर्शनी किमतीची: एक लाखाची ठेव, पूर्ण वळती, बाकी शून्य. कर्जखात्यातही तेच, एक लाख जमा. शंभर वर्षांनी कुणी ही पुस्तके उघडली तर त्याला असे दिसेल की या ठेवीदाराचा पै न पै चुकता झाला. मध्ये गळालेले साठ-सत्तर हजार दोन्ही खात्यांत कुठेच नाहीत. त्यांची नोंद असलीच तर भुसावळच्या एखाद्या घरातल्या बँकेच्या पासबुकात, तीस हजार जमा अशी, आणि तीही पैसे रोख दिले नसतील तर.